रस्त्यावर वाजवणाऱ्याचा दिवस कसा जातो? बेळगावच्या एका पेटीवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी खानापूर तालुक्यातला, वय 22. बासरी वाजवतो, थोडी पेटीही येते. शिक्षण झालं, पण नोकरी लागेना. मुंबईला किंवा पुण्याला जाऊन रस्त्यावर वाजवावं असं मनात आहे. अशा माणसांचं रोजचं जगणं कसं असतं? किती मिळतं? पोलीस त्रास देतात का? आधी बेळगावात करून बघू का?"

मी सांगतो. मी वडगावचा, विणकराच्या घरातला. 27 वर्षं झाली, रस्त्यावर पेटी घेऊन गातोय. त्यातली 4 वर्षं मुंबईत गेली, बाकी सगळी बेळगावात. घरात माग होते. मागाच्या खटखटीत साधं बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळे आमच्याकडे सगळेच वरच्या पट्टीत बोलत. तुझा आवाज तिथेच तयार झाला, असं आई म्हणायची. पेटी शिकवली ती एका अंध मास्तरांनी. ते गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात शिकलेले. पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागे पुट्टराज गवई, दोघेही स्वतः अंध. त्यांनी तिथे किती अंध मुलांच्या हाताला सूर दिला याची मोजदाद नाही. आपल्या भागात देवळापुढे किंवा बसस्टँडवर एखादा अंध माणूस पेटीवर नीट सुरात गाताना दिसला, की मी आधी विचारतो, "गदगचे काय?" पुष्कळदा उत्तर हो असंच येतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तुला वाटत असेल की आपण जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी वाजवणार. मलाही पहिली दोन वर्षं तेच वाटायचं. पण जाणारा माणूस तुला अर्धा मिनिट ऐकतो आणि जातो. तुला दिवसभर ऐकतात ते तिथे बसलेले: भाजीवाल्या, चहाचा गाडा, चप्पल शिवणारे काका, रिक्षा स्टँडवरची पोरं, समोरच्या कापडदुकानातला मुनीम. एका कोपऱ्यावर अशी तीस-चाळीस माणसं असतात. त्यांना तुझं गाणं सोसवलं तर तू टिकशील, नाही सोसवलं तर चार दिवसांत उठवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. तीच तीन गाणी दिवसातून वीस वेळा कानावर आली तर कुणाचंही डोकं उठेल.

म्हणून जागा बघताना आधी तिथली माणसं बघायची. नवखा माणूस गर्दी दिसते म्हणून गणपत गल्लीत बसायला जातो. शनिवारी बाजाराच्या दिवशी तिथे मुंगीला वाट नसते. पण ती गर्दी चालती असते. बायकांच्या दोन्ही हातांत पिशव्या, कडेवर पोर, मागून लोटणारी माणसं. खिशात घालायला हात रिकामा कुठे असतो? माणूस जिथे थांबलेला असतो तिथे बसावं. बसची वाट बघणारा, उसाचा रस पिणारा, देवळातून बाहेर येऊन चप्पल शोधणारा. मारुती गल्लीत शनिवारी, कपिलेश्वराला सोमवारी, दत्ताच्या देवळाशी गुरुवारी, खासबागच्या बाजारात रविवारी, आणि उरलेल्या दिवशी संध्याकाळी रेल्वे स्टेशनच्या बाहेर, आत नव्हे. अशी माझी आठवड्याची घडी आहे. घडी बसायला मला सहा वर्षं लागली. ती सहसा मोडत नाही, कारण मी कुठल्या दिवशी कुठे असतो हे लोकांना ठाऊक झालंय. एक निवृत्त शिक्षिका दर सोमवारी दर्शन झालं की पाच मिनिटं माझ्यासमोर उभ्या राहतात. पैसे महिन्यातून एकदाच देतात, पण उभ्या दर सोमवारी राहतात.

पाठीला भिंत असू दे. भिंत आवाज पुढे लोटते. उघड्यावर बसलास तर निम्मा सूर हवेत जातो. पण बंद शटरला पाठ लावू नकोस. खर्जाच्या सुरांना पत्रा थरथरतो आणि तो खरखराट गाण्यात मिसळतो. बस जिथे इंजिन चालू ठेवून उभी असते तिथे बसू नकोस. इंजिनाचा सूर तुझ्या सुराशी भांडत राहतो, तू नकळत आवाज चढवतोस आणि दोन तासांत घसा बसतो. माझ्या घशाचं सगळ्यात जास्त नुकसान असंच झालं.

आणि एक नियम आहे, कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळायचा. दुकानदाराची भवानी झाल्याशिवाय त्याच्यासमोर बसून पैसे मागायला सुरुवात करायची नाही. सकाळी साडेदहाला दुकान उघडतं, झाडलोट होते, उदबत्ती लागते, पहिलं गिऱ्हाईक येतं. त्याआधी तू डबा पुढे ठेवलास तर त्याला ते टोचतं. मी तोवर पेटी उघडून नुसता सूर धरून बसतो, डबा पिशवीत. भवानी झाली की मुनीम मान हलवतो. कधी कधी तोच पहिले दहा रुपये आणून टाकतो आणि म्हणतो, "हं, आता होऊ दे." मग दिवस सुरू.

दिवस म्हणजे काय, ते तासातासानं सांगतो. पहाटे साडेपाचला घरीच रियाज, अर्धा तास, खालचे सूर. हा सोडायचा नाही. रस्त्यावर रियाज होत नाही, तिथे नुसता खर्च होतो. अकरा ते एक पहिली बैठक. एक ते चार गप्प बसायचं; उन्हात कुणी थांबत नाही आणि दुकानदारांचीही जेवणाची, डोळा लागायची वेळ असते. चार ते साडेसात दुसरी बैठक. म्हणजे साडेपाच तास रस्त्यावर, पण गाणं त्यातलं तीन तासांच्या वर नाही. दोन गाण्यांमध्ये पाच मिनिटं नुसती पेटी, नाहीतर नुसतं बसणं. शांततेचाही एक वाटा त्या चाळीस जणांना द्यावा लागतो.

पट्टीची काळजी घे. आपल्याकडे भजनी मंडळात पांढरी पाचात, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, टाळ कुटत गायची सवय असते आणि ते ऐकायला फार उठावदार वाटतं. पण भजन दोन तासांचं असतं, चार माणसं वाटून घेतात, वर रोज नसतं. रस्त्यावर एकट्यानं रोज गायचं तर त्याहून खालची काळी एक बरी. आवाज पोचत नाही असं वाटलं तर पट्टी चढवू नकोस, जागा बदल. बासरीवाल्याला घशाची भीती नाही, पण धूळ आहे, वारा आहे. वारा समोरून आला तर फुंक फुटते आणि सूर उभाच राहत नाही. बासरी घेऊन बसणाऱ्यानं आधी वाऱ्याकडे पाठ करावी, मग माणसांचा विचार करावा.

आता भाषेचं. हे बेळगावात वाजवणाऱ्याला जितकं कळतं तितकं पुण्यात वाजवणाऱ्याला कळायचं कारण नाही. इथे समोरचा माणूस मराठी आहे की कानडी, की दोन्ही, हे त्याच्या चालण्यावरून कळत नाही. सुरुवातीला मला फक्त अभंग आणि मराठी भक्तिगीतं यायची. एका श्रावणी सोमवारी कपिलेश्वराजवळ बसलो होतो. बैलहोंगलकडची एक म्हातारी, कपाळाला विभूती, कमरेला कापडी पिशवी, समोर येऊन बसली. दोन अभंग शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "तम्मा, नम्म हाड बर्तैतेनु?" म्हणजे, अरे, आमचं गाणं येतं का तुला? मला येत नव्हतं. मी मान खाली घातली. ती रागावली नाही. तिनं स्वतःच गायला सुरुवात केली, जात्यावरचं काहीतरी, शब्द मला धड कळत नव्हते. मी पेटीवर तिचा सूर शोधायला लागलो. काळी तीन लावली तर ती थोडी वर होती, पांढरी पाच लावली तर थोडी खाली. तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे होता, पेटीत नव्हताच. पण तिचा तो सूर शेवटपर्यंत केसभर हलला नाही. मी बोटं उचलली, भाता सोडला आणि पेटीच्या लाकडावर नखानं ठेका धरला. गाणं संपवून तिनं पाच रुपये डब्यात टाकले. माझ्या. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाली, ठेव, ठेका चांगला धरलास.

त्या आठवड्यापासून मी रिक्षा स्टँडवरच्या एका कानडी पोराला धरून पदं लिहून घ्यायला लागलो. देवनागरीत लिहायची, त्यानं उच्चार दुरुस्त करायचे. आज माझ्याकडे जितके अभंग आहेत तितकीच दासरपदं आणि तत्त्वपदं, म्हणजे कानडी भक्तिगीतं, आहेत. आपला मुलूख गाण्याच्या कानाचा आहे. कुमार गंधर्व 1924 साली इथल्याच सुळेभावीत जन्मले. धारवाड, हुबळी, गदग हाकेच्या अंतरावर. समोरच्याला रागाचं नाव सांगता येणार नाही, पण सूर लागला नाही तर तोंडावर कळतं. तेव्हा दोन्ही भाषा शीक. धंद्यासाठी म्हण हवं तर. मला विचारशील तर त्या चाळीस जणांतले निम्मे कानडी बोलतात आणि त्यांनाही कधीतरी त्यांचं गाणं मिळायला हवं, एवढंच कारण मला पुरतं.

1 नोव्हेंबरला मात्र बसू नकोस. एका बाजूनं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूनं मराठी माणसांचा काळा दिवस, आणि मधे पोलीस. त्या दिवशी कुठल्या भाषेत गायलं तरी कुणाला तरी लागतं. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा मोर्चे असतात, रस्ते बंद असतात, फुटपाथ मोकळे केले जातात. सीमाप्रश्न तापला की कोल्हापूरकडच्या बसही बंद पडतात आणि बसस्टँड ओस पडतो. असे दिवस आधीच धरून चाल. त्या दिवसांत मी पेटी उघडून दुरुस्तीला बसतो.

पेटीचं सांगायलाच हवं, कारण तुला वाटतं त्याहून जास्त वेळ तिच्यातच जातो. बेळगावचा पाऊस तुला ठाऊक आहे, जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत झड. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, एक दाबली की शेजारची बसून राहते. रीड म्हणजे पितळेची बारीक जीभ, पितळेच्याच चौकटीवर एका बाजूनं ठोकलेली. जीभ आणि चौकट यांच्यामधली फट कागदाएवढी. त्या फटीत धुळीचा एक कण आणि दमट हवा गेली की सूर मुका होतो किंवा घरघरतो. पहिल्या पावसाळ्यात माझा मध्यम असाच गेला. मी घाबरून दुरुस्तीला मिरजेला निघालो होतो. मास्तर म्हणाले, इथेच बस, उघड. वरची फळी काढली, पट्ट्या सरकवल्या, रीड सापडली. दाढीच्या पात्यानं जीभ अलगद उचलायची, खालून कोऱ्या कागदाची पट्टी सरकवायची, एकदाच ओढायची. कण निघाला. मध्यम बोलला. मास्तरांना दिसत नव्हतं, पण ते नुसतं ऐकून सांगत होते, "अजून थोडी उचल, आता सोड." सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाजवळ अगदी हलकं घासतात, चढला असेल तर बुडाजवळ. पण हे शिकल्याशिवाय करू नकोस. पितळ घासलं की परत येत नाही. या रीड मुख्यतः गुजरातमधल्या पालिताण्याहून येतात आणि चांगली जोडी स्वस्त नसते.

ढोलकीवाल्याची अवस्था याहून वाईट. पावसात पुडी सैल पडते, सूर धरत नाही. हलगीवाले कागद पेटवून हलगी शेकतात आणि पाच मिनिटांत ती परत उतरते, म्हणून आता पुष्कळांनी फायबरची घेतलीय. आवाज कातड्याचा येत नाही, पण पावसाळ्यात घरी चूल पेटायला हवी. बासरीला पाऊस मानवतो, तिचा वैरी उन्हाळा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात बांबू तडकतो. दोरे घट्ट गुंडाळून ठेव, महिन्यातून एकदा आतून तेलाचा हात फिरव.

पावसाळ्यात पेटी रोज घरी नेणं-आणणं जमत नाही. माझी पेटी गेली अकरा वर्षं त्या कापडदुकानाच्या पोटमाळ्यावर झोपते, गाठोड्यांमध्ये, जुन्या चादरीत गुंडाळलेली. भाडं नाही. मी चाळीस जण म्हणालो, ते यासाठी.

पैशाचं विचारलंस. माझं सांगतो, दुसऱ्याचं मला ठाऊक नाही. साध्या दिवशी 300 ते 500. शनिवारी, श्रावणी सोमवारी, वडगावच्या मंगाई यात्रेत हजाराच्या वर. पावसाळ्यातल्या झडीत शंभर, कधी शून्य. ढोलकीवाला बरोबर असेल तर निम्मे त्याचे, आणि हिशेब रोजच्या रोज, चहाच्या गाड्यावर बसून, उद्यावर टाकायचा नाही. वाद्यवाल्यांच्या जोड्या सुरांवरून फुटत नाहीत, उद्यावर टाकलेल्या हिशेबावरून फुटतात. एवढ्यावर घर चालत नाही. मी आठवड्यात तीन संध्याकाळी मुलांना पेटी शिकवतो, बारशाला, सत्यनारायणाला, एकादशीच्या भजनाला जातो. यातली बहुतेक कामं रस्त्यावरच ऐकलेल्या माणसांनी दिलेली. रस्ता माझं दुकान आहे आणि माझी जाहिरातही.

आता सगळ्यांकडे फोन आणि सुट्टे कुणाकडेच नाहीत. मीही डब्यावर क्यूआर कोडचा कागद लावलाय. आधी तो बोलणारा डबा घेतला होता, अमुक रुपये मिळाले म्हणून ओरडणारा. तीन दिवसांत परत केला. अभंगाच्या मधे तो ओरडला की ऐकणारा दचकायचा, आणि ज्यानं पाच रुपये दिले त्याचे पाच रुपये सगळ्या चौकात जाहीर व्हायचे. देणाऱ्याला ते लागतं. डब्याचं एक सांगतो: सकाळी स्वतःचे चार-पाच नाणी-नोटा टाकून ठेव, रिकाम्या डब्यात पहिलं नाणं टाकायला माणूस बिचकतो. आणि नोटा साठल्या की काढून घे, भरलेला डबा बघून देणारा हात आखडता घेतो.

कायद्याचं नीट समजून घे. मुंबईत 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं यांच्या मिषानं मागणं हेही धरलंय. म्हणजे तू सुरात वाजवत असलास तरी कागदावर तुला भिकारी ठरवता येतं. दिल्लीत तिथल्या उच्च न्यायालयानं 2018 साली या कायद्याची भीक मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी कलमं रद्द केली, पण ते दिल्लीपुरतं. कर्नाटकात आपला 1975 चा कायदा आहे. घरपट्टीवर 3 टक्के भिक्षुक उपकर घेतात तो त्यासाठीच. रेल्वेच्या डब्यात किंवा स्टेशनात मागायला 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 144 व्या कलमाखाली मनाई आहे, म्हणून मी स्टेशनच्या बाहेर बसतो. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा झाला, त्यांना ओळखपत्रं मिळाली, त्यांची समिती असते. आम्हाला त्या ओळखपत्राचं कुणी विचारलेलं नाही. भाजीची पाटी घेऊन बसलेली माझी शेजारीण कागदावर आहे आणि मी नाही. मनापासून सांगतो, हे मला खुपतं. सुराची पाटी घेऊन बसणाऱ्यालाही एक साधं ओळखपत्र, एक ठरलेली वेळ आणि जागा मिळाली पाहिजे, आणि त्या बदल्यात नियम मोडला तर दंडही व्हावा.

स्पीकर घेऊ नकोस. लाउडस्पीकरला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते, रात्री 10 ते सकाळी 6 बंदच. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत सरकारला शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. पण कायदा बाजूला ठेव. स्पीकर लावलास की त्या चाळीस जणांना तुझ्यापासून सुटकाच राहत नाही. पोलिसांकडे तक्रार जाते ती पुष्कळदा तिथूनच जाते. माझ्या 27 वर्षांत मला पाच-सहा वेळा उठवलंय, दोनदा भाजीवाल्या अक्कांनीच मधे पडून सांगितलं, "राहू दे साहेब, आमचा माणूस हाय तो." पोलिसानं उठ म्हटलं तर उठायचं, वाद घालायचा नाही, दुसऱ्या दिवशी यायचं.

मुंबईचं. मी 2003 ते 2007 तिथे होतो. लोकलमध्ये फरशीचे दोन तुकडे बोटांत धरून ठेका देत गाणारी पोरं तू बघितली असशील. त्या दोन तुकड्यांतून ती दादरा-केरवा इतका साफ काढतात की मी कितीदा स्टेशन चुकलो. पण त्यांचा दिवस असा: गर्दीची वेळ टाळायची कारण उभं राहायला जागा नाही, रिकामी गाडी टाळायची कारण ऐकायला माणूस नाही. सकाळी अकरा ते चार एवढाच काळ, त्यातही डबा ठरलेला, स्टेशनं ठरलेली. दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरलास तर भांडण. दोन स्टेशनांच्या मधे तीन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात गाणं लावायचं, रंगवायचं, हात पुढे करायचा. अस्ताई संपायच्या आत पुढचं स्टेशन. एका स्टेशनवर माझी पेटी जप्त झाली. आठ दिवसांनी मिळाली ती भात्याला भोक पडून. कुणी पाडलं ठाऊक नाही, कुणी विचारूही दिलं नाही. खोलीत सहा जण राहत होतो. मी तिथे वाईट गायलो नाही, पण चार वर्षांत तोच माणूस मला दुसऱ्यांदा ऐकायला थांबला असं क्वचितच झालं. सोसायला कुणी नव्हतं, आणि आपलं म्हणायलाही. ज्यांना ते मानवतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला मानवलं नाही. बेंगळुरूला चर्च स्ट्रीटवर पोरं गिटार घेऊन वाजवतात, ते बहुतेक शनिवार-रविवारचं असतं. त्यावर महिना काढायचा विचार करू नकोस.

आपल्याकडे रस्त्यावरचं संगीत तुझ्या-माझ्यामुळे सुरू झालेलं नाही, हे विसरू नकोस. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, गुबूगुबू वाजवत येणारा नंदीबैलवाला, संबळ-तुणतुणं घेऊन दारात उभा राहणारा गोंधळी, ही माणसं कित्येक पिढ्या याच रस्त्यावर आहेत. त्यांचं चालू असेल तर आपण थांबायचं. माघातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर, चौंडकं घेऊन बसलेल्या जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, भेटतील. खाली कातडं लावलेला लाकडी नळा काखेत, त्यातून वर गेलेली एकच तार, ती एका हातानं ताणत-सैल करत दुसऱ्या हातानं छेडायची. एका तारेतून सूर आणि ताल दोन्ही निघतात. देवीला मुली वाहण्यावर कर्नाटकानं 1982 सालीच कायद्यानं बंदी घातली. आज जत्रेत दिसणाऱ्या म्हाताऱ्या बहुतेक त्याआधीच्या. त्यांच्या शेजारी बसायची वेळ आली तर आधी "अक्का, बसू का?" म्हणून विचार आणि त्यांचं संपेपर्यंत बासरी पिशवीत ठेव. मी त्यांच्याकडून ठेका शिकलोय, तो मास्तरांनाही येत नव्हता.

मिरवणुकांचं काम वेगळं. आपली शिवजयंती वैशाखातली, चित्ररथांची, मग गणपती. तेव्हा हलगी, ताशा, बेंजोवाल्यांना चार पैसे मिळतात. बासरीला त्यात जागा नाही.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा माझ्याकडे दोन महिन्यांचं धान्यही नव्हतं. गाणं बंद, शिकवणी बंद, लग्नं बंद. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या भाजीवाल्या अक्कांचा मुलगा सायकलवरून तांदूळ आणि जोंधळ्याचं पीठ घेऊन वडगावात आला. त्याला माझं घर ठाऊक नव्हतं, तो "पेटीवाल्याचं घर कुठं?" असं विचारत आला. पुढे मुनीमांनी दोनदा पैसे पाठवले. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कुणाला मी आठवलो असेन की नाही, सांगता येत नाही.

म्हातारपणाचा विचार तुझ्या वयात कुणी करत नाही, पण ऐकून ठेव. अडचणीतल्या वयस्क कलाकारांना कर्नाटकाच्या कन्नड आणि संस्कृती खात्याकडून मासाशन, म्हणजे दरमहा पेन्शन, मिळतं. त्यासाठी तू इतकी वर्षं कला करतोस याचा पुरावा लागतो. रस्त्यावर गाणाऱ्याकडे पुरावा कुठला? म्हणून देवस्थानानं, शाळेनं, मंडळानं बोलावलं तर पत्रिका जपून ठेव, साधी चिठ्ठी का असेना, तारीख घालून मागून घे. मी उशिरा सुरू केलं. माझ्याकडे फक्त नऊ वर्षांचे कागद आहेत.

तेव्हा मुंबईचं तिकीट आत्ता काढू नकोस. आधी पावसाळा संपू दे. दसरा झाल्यावर एका शनिवारी सकाळच्या गाडीनं बेळगावला उतर आणि अकरानंतर मारुती गल्लीत ये. मी देवळाच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. तू पहिल्या दिवशी वाजवायचं नाही, नुसतं बसायचं आणि समोर कोण कोण दिवसभर बसलेलं असतं ते मोजायचं. पेटी आणू नकोस, माझी आहे. बासरी काळी एकची आण. दुसऱ्या शनिवारपासून अभंगाच्या मधल्या जागा तू भर, आणि पहिले पैसे मिळाले की चहाच्या गाड्यावर हिशेब करू.